स्ट्रीमरमधले बिष्णू अटल

मुलुंड पूर्वेच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. घरी जुना, दणकट अ‍ॅम्प्लिफायर आहे, चांगले स्पीकर आहेत. आता गाणी इंटरनेटवरून ऐकायला स्ट्रीमर घ्यायचा. दुकानदार एक पंधरा हजारांचा दाखवतो, एक दोन लाखांचा. महागड्यात आवाज खरंच ‘खुलतो’ का?

स्ट्रीमर आकडे आणतो, एवढंच त्याचं मुख्य काम. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. आकडा विचित्र वाटतो, कारण तो व्हिडिओ टेपच्या कृपेने आला. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. तेव्हा डिजिटल आवाज साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डरची टेप. टीव्हीच्या चित्राच्या एका ओळीत तीन आकडे, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून पाहा.

हे सगळं जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला १४ लाख बिट लागतात. २००१ मध्ये आलेल्या ‘फ्लॅक’ या फाइल-प्रकाराने हा भार साधारण अर्ध्यावर आणला, तोही एक आकडा न गमावता. कसा? इथे मला थांबावंच लागेल, कारण इथे बिष्णू अटल भेटतात.

जन्म १९३३, कानपूर. लखनौ, मग बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. तिथे काही वर्षं ध्वनिशास्त्र शिकवलं आणि १९६१ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये दाखल. टेलिफोनच्या तारेवरून बोलणं कमी बिटमध्ये कसं पाठवायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मैफलीत जाणता श्रोता समेच्या आधीच मान उचलतो. गवई कुठे येणार याचा त्याला अंदाज असतो, आणि दाद निघते ती अंदाज चुकवला तर. अटल यांनी यंत्राला असाच श्रोता केलं. आधीचे आकडे १०००, १०१०, १०१९ असतील तर पुढचा १०२८ च्या आसपास असणार. प्रत्यक्षात आला १०२७. मग १०२७ कशाला लिहायचं? ‘उणे एक’ लिहा! पलीकडचं यंत्रही तोच अंदाज बांधतं, एक वजा करतं आणि मूळ आकडा परत मिळतो. जपानमध्ये इताकुरा आणि सैतो याच सुमारास याच वाटेने चालले होते, हेही सांगायला हवं. फ्लॅकच्या पोटात आजही हेच ‘रेषीय भाकीत’ आहे. उरलेल्या छोट्या चुका बांधायची युक्ती रॉबर्ट राइस यांची. ती त्यांनी अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी काढली होती.

पुढे १९७९ मध्ये अटल आणि मॅन्फ्रेड श्रोडर यांनी दाखवलं की मोठ्या आवाजाच्या आड लपलेला गोंगाट कानाला कळत नाही, तेव्हा बिट तिथे वाचवावेत. एमपी३ याच विचारावर उभं राहिलं. त्याचं श्रेय मात्र जर्मनीतल्या मंडळींच्या नावावर जमा आहे. आपल्याकडे किती जणांनी अटल हे नाव ऐकलंय?

असो. मुद्दा असा की आकडे शाबूत पोहोचले की पोहोचले. ते स्ट्रीमरच्या स्मृतीत थांबतात आणि तिथल्याच क्रिस्टल-घड्याळाच्या तालावर पुढे जातात. म्हणून हजारो रुपयांची ‘ऑडिओ’ नेटवर्क केबल ही शुद्ध फसवणूक आहे.

मग सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’चं काय? सीडीच्या १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. पंखा चालू असलेल्या खोलीत ४० डेसिबल सहज असतात. त्यांवर ९६ चढवले तर कान फाटतील. बोस्टनजवळच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि त्याचंच सीडी दर्जाला उतरवलेलं रूप लोकांना न सांगता ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेक. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक असेल, पण त्यासाठी लाखभर मोजायचे? ‘एमक्यूए’ नावाचं असंच एक जादुई तंत्र २०१४ मध्ये गाजावाजा करत आलं. २०२३ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आणि बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत मुळातच जे वरचे स्वर टिपले गेले नाहीत, ते कुठलाही स्ट्रीमर कुठून आणणार?

आवाज बदलतो तो खोलीने. बारा फुटांच्या हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. खर्ज फुगतो, आणि आपण दोष देतो यंत्राला.

तेव्हा पंधरा हजारांचाच घ्या. फक्त घेण्याआधी चार गोष्टी तपासा: तुम्ही ज्या सेवेचे पैसे भरता ती त्यात थेट चालते का (अ‍ॅपल म्युझिक बहुतेक स्ट्रीमरमध्ये थेट चालत नाही, फोनवरून पाठवावं लागतं), पुढेमागे वेगळा डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र) जोडायला डिजिटल आउटपुट आहे का, अ‍ॅप घरातल्या ज्येष्ठांना वापरता येतं का, आणि कंपनी सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवते का. उरलेल्या पैशांतून जाड पडदे आणि गालिचा घ्या. त्यांनी खोलीतला चरचरीत प्रतिध्वनी कमी होईल. ४७ हर्ट्झला मात्र पडदे पुरत नाहीत, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट पुढे ओढा. त्याला पैसे पडत नाहीत.