शक्तिमान परत आणायचा, पण कोणता?

"पीएच.डी.ला विषय काय घेतलास?" असं कुणी विचारलं आणि मी "शक्तिमान" म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग लगेच सांगतो, "नवा काढला तर जुन्यासारखाच काढायला सांगा हं!" माझं संशोधन या वाक्यावर उभं आहे, आणि याच वाक्यापायी ते एकदा आडवंही झालं होतं. पेट झाली असेल आणि सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर हे वाचाच.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'शक्तिमान' दूरदर्शनवर १९९७ ते २००५ चाललं. २०११ मध्ये त्याची ॲनिमेशन मालिका आली, २०१३ मध्ये टेलिफिल्म. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जुनेच भाग पुन्हा दाखवले. २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने चित्रपटाची घोषणा केली आणि २०२४ मध्ये मुकेश खन्नांनी स्वतःच टीझर आणला. दरवेळी आपण म्हटलं, "शक्तिमान परत आला." पण पुनःप्रक्षेपण वेगळं, पुढचा भाग वेगळा आणि रिबूट वेगळं. रिबूटमध्ये कथेची पाटी पुसून तीच पात्रं घेऊन पहिल्यापासून सुरुवात करतात. अमेरिकेतली १९७८ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' २००३ मध्ये अशी नव्याने मांडली, तेव्हा स्टारबक हा पुरुष वैमानिक थेट स्त्री झाला. उलट ब्रिटनचं 'डॉक्टर हू' १९८९ ला थांबलं आणि २००५ ला परतलं, पण तिथे जुनीच कथा पुढे नेली. तेव्हा पाटी पुसली की नाही, एवढं आधी बघायचं.

(शक्तिमान ही विज्ञानकथा आहे का, यावर भांडायचं असेल तर खुशाल भांडा. अंतराळयानं वगैरे हवी असतील तर १९९८ चं 'कॅप्टन व्योम' आहेच. इथे कुंडलिनी जागवून उडणारा नायक आणि प्रयोगशाळेतला डॉक्टर जैकाल एकाच मालिकेत नांदतात. मी 'विज्ञानकथेच्या शेजारची मालिका' असं लिहिलंय, गाईडनी चालवून घेतलंय.)

माझा पहिला प्रश्न होता: शक्तिमानचं रिबूट प्रेक्षकांना आवडेल का? सिनॉप्सिस परत आला. तेव्हा राग आला, पण बरोबरच होतं ते. जो चित्रपट कुणी पाहिलाच नाही, तो आवडेल का हे विचारणं म्हणजे कापूस वेचायच्या आधीच भाव सांगण्यासारखं. मग प्रश्न मागे सरकवला. लोक 'जुन्यासारखं' म्हणतात, तेव्हा त्यांना नक्की काय आठवत असतं?

आता खरी चूक. जळगावात सरावाच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा गप्पा रंगाव्यात म्हणून मी सुरुवातीलाच मोबाईलवर एक भाग दाखवायचे. गप्पा रंगल्याही. पण घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळे त्या क्लिपबद्दलच बोलत होते. "हो हो, अस्संच होतं!" वीस-बावीस वर्षांपूर्वीची आठवण नव्हतीच ती, पाच मिनिटांपूर्वीची होती. सगळ्या मुलाखती बाजूला ठेवाव्या लागल्या. दोन महिने गेले.

हे असं का होतं, ते १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी दाखवलं होतं. गाड्यांच्या अपघाताची तीच फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारताना शब्द वापरला 'जोरात आदळल्या'. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो, आणि मी अख्खा एपिसोड दाखवत होते!

धुळ्याला गेले तेव्हा मोबाईल पिशवीतच ठेवला. पहिला प्रश्न फक्त एवढाच: "तुम्ही कुठे बसून बघायचात?" एक काका आधी परीक्षेला बसल्यासारखी शुद्ध मराठी बोलत होते. मी सहज "मंग काय व्हयनं?" म्हटलं आणि गाडी सुटली. टीव्ही शेजाऱ्यांचा. अँटेना फिरवायला धाकटा भाऊ गच्चीवर. रविवारचं दुपारचं ऊन. आणि ऐन मारामारीत लाईट जायची. मग उरलेली गोष्ट मोठा भाऊ स्वतःच रचून सांगायचा, पुढच्या रविवारपर्यंत तीच खरी. काकांना आवडलेल्या एका प्रसंगाचं मी खूप वेळ वर्णन लिहून घेतलं. तो मालिकेतला की भावाने रचलेला, हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

ॲनेट कुन यांनी ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातल्या सिनेमाप्रेक्षकांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही असंच आढळलं होतं. लोकांना चित्रपटाच्या कथेपेक्षा थिएटरपर्यंतची वाट, सोबतची माणसं जास्त आठवत होती. पण म्हणून पडद्यावरचं सगळं विसरलं जातं, असा निष्कर्ष काढू नका, मी काढता काढता थांबले. शेवटी मुलं "सॉरी शक्तिमान" म्हणायची, ते काकांना पक्कं आठवत होतं. मालिकेतलं काय टिकतं आणि घरातलं काय, हे वेगळं करणं हेच माझं काम.

आता माझा क्रम असा: आधी आठवण, मग क्लिप, मग दोन्हींतल्या फरकावर बोलणं आणि सगळ्यात शेवटी नव्या शक्तिमानबद्दल प्रश्न. धुळ्याच्या काकांना क्लिप दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा एवढा हळू उडायचा?" त्या मोठ्या भावाचा नंबर त्यांनी दिलाय. ते पारोळ्याला असतात. शनिवारी जातेय.