एकाच वेळी येणारा आणि जाणारा तारा

गेल्या दिवाळीत पांढरकवड्याला बहिणीकडे गेलो होतो. रात्री गच्चीवर भाचीने रंगीत काडी पेटवली. हिरवागार उजेड पडला.

"मामा, हा रंग कशाचा?"

"बेरियमचा. लाल काडीत स्ट्रॉन्शियम असते. तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले. काही ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फोडला, की त्यांतल्या तप्त वायूचे असेच रंग चकचकीत रेषांच्या रूपाने वेगळे दिसतात."

तेवढ्यात नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवीत गेला. येताना आवाज चढा, पुढे गेल्यावर उतरलेला. प्रकाशाचेही तसेच. वायू आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा निळ्या रंगाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे.

आता असा ट्रक कल्पा, की ज्याचा भोंगा एकाच क्षणी चढाही ऐकू येतो आणि उतरलेलाही! 1978 साली ब्रूस मार्गन आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच पेचात पडले. गरुड तारकासमूहातल्या 'एसएस 433' या ताऱ्यात हायड्रोजनची एकच रेषा तीन ठिकाणी दिसत होती : एक जागच्या जागी, एक निळ्याकडे, एक तांबड्याकडे. शिवाय त्या दिवसागणिक जागा बदलीत. तारा येतोही आहे आणि जातोही आहे! मोजमाप चुकले, असे कोणालाही वाटावे. पण त्यांनी नोंदी टाकून दिल्या नाहीत. रेषांवर पाळत चालू राहिली, आणि सुमारे 162 दिवसांनी त्या पुन्हा मूळ जागी येतात असे दिसले. वेडेपणालाही वेळापत्रक होते!

उलगडा असा : तिथे दोघे सोबती 13 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. त्यांतला एक अतिशय घट्ट, बहुधा कृष्णविवर. तो शेजाऱ्याचा वायू ओढतो, आणि त्यातला काही दोन विरुद्ध दिशांना, सेकंदाला सुमारे 78,000 किलोमीटर वेगाने भिरकावतो. एक झोत सामान्यतः आपल्याकडे, दुसरा दूर. झोतांची दिशा मात्र दमलेल्या भोवऱ्यासारखी डुलत 162 दिवसांत एक फेरी घेते. म्हणून रेषांचा झोका. या जोडीच्या क्ष-किरणांतल्या लोखंडाच्या रेषाही त्याच तालावर डुलतात. क्ष-किरण वातावरणातून खाली पोचत नाहीत. त्यासाठी उपग्रहच हवा. 2015 साली सोडलेल्या आपल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'वर अशा जोड्या न्याहाळणारी उपकरणे आहेत. ती घडवण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची 'आयुका' यांचा मोठा वाटा.

भाची गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मामा, लंबकाच्या प्रयोगात माझे उत्तर जुळेना, म्हणून मी खोडून पुस्तकातले लिहिले."

मी रागावलो नाही. तिला श्रवणाची चांदणी दाखवली आणि तिच्या दक्षिणेचा, गरुडातलाच, 'ईटा' तारा. एसएस 433 नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; हा दिसतो, आणि 7 दिवस 4 तासांत मंद होऊन पुन्हा उजळतो. "रोज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघ. दिसेल ते लिही. खोडायचे नाही."

परवा तिचा फोन आला. तिच्या वहीत आवर्तन आठ दिवसांचे निघाले होते. "मामा, तरी मी आठच ठेवलेत. आता पुन्हा मोजते आहे."

यंदाच्या चकल्यांपेक्षा मला तेच वाक्य खुसखुशीत लागले.