विमानातल्या सीटचं सॉकेट मध्येच बंद का पडतं?

लांबच्या फ्लाइटमध्ये सीटच्या सॉकेटला लॅपटॉप लावला की कधी मस्त चालतो, कधी मध्येच चार्जिंग थांबतं. सॉकेट बिघडलंय का? दरवेळी नाही. बऱ्याचदा ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं.

वीज येते कुठून ते आधी बघू. उडत्या विमानात ती इंजिनावरच्या जनरेटरमधून येते. एअरबस ए३२०मध्ये प्रत्येक इंजिनावर ९० केव्हीएचा जनरेटर असतो. आपल्या घरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथे ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. फ्रीक्वेन्सी जास्त असली की ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके होतात, आणि विमानात वजन म्हणजे इंधन! पण ही वीज आपल्या चार्जरच्या कामाची नाही. म्हणून सीटखालचा एक डबा तिचं साधारण ११० व्होल्ट, ६० हर्ट्झमध्ये रूपांतर करतो.

आता गणित. १८० जणांनी एकदम ६० वॅटचे लॅपटॉप लावले तर झाले १०,८०० वॅट. सगळ्यांना एकाच वेळी पुरतील अशा जाड वायरी टाकल्या तर वजन वाढणार. त्यामुळे अनेक सिस्टिममध्ये एक कंट्रोल युनिट एकूण लोडवर लक्ष ठेवतं. मर्यादा गाठली की नवीन सीटला वीज मिळत नाही. आम्ही सर्व्हर पडू नये म्हणून रिक्वेस्ट अडवतो ना, अगदी तसंच.

पण प्रश्न फक्त वजनाचा नाही. २ सप्टेंबर १९९८ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअर १११ आग लागून कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं. सगळेच्या सगळे २२९ जण गेले. आग बहुधा छतावरच्या वायरींमधल्या ठिणगीने लागली, आणि त्यात प्रवाशांच्या मनोरंजन सिस्टिमची एक वायर होती, असं चौकशीत निघालं. आणखी एक गोष्ट कळली: धूर दिसल्यावर पायलट केबिनची वीज तोडतात, पण ही सिस्टिम वेगळ्या लाइनवर जोडलेली होती. त्या स्विचने ती बंद झालीच नसती! आता अशा सिस्टिमची वीज क्रूला तोडता आलीच पाहिजे, हे डिझाइन करतानाच बघतात.

मग आपण काय करायचं? लॅपटॉप घरूनच फुल चार्ज करून न्या. रिकामी बॅटरी जास्त वीज खेचते आणि सॉकेट ट्रिप होऊ शकतं. झालंच तर प्लग काढा, थोडं थांबा, लॅपटॉप स्लीपवर टाकून परत लावा. जुन्या यूएसबी पोर्टमधून कधीकधी जेमतेम अडीच वॅट मिळतात, म्हणजे ब्राइटनेस फुल ठेवून व्हिडिओ बघितला तर चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरेल. आणि क्रूने सॉकेट बंद केलं तर वाद घालू नका. तो स्विच त्यांच्या हातात असणं आपल्याच फायद्याचं आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!