जोडीतले दुसरे यंत्र

आपला फोन बंद पडला की आपल्याला लगेच कळते. पण टेलिफोन केंद्रातले यंत्र बंद पडले आणि आपला फोन मात्र चालूच राहिला, तर? ते कोणालाच कळत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर टेलिफोन केंद्रांत नोकरी करताना असे न कळणारे बिघाड मी पुष्कळ पाहिले. खारी हवा, पावसाळ्यातली ओल आणि विजा, तिन्ही यंत्रांच्या वैरी. तेव्हा बिघाड होणार हे गृहीत धरूनच ही यंत्रे बांधलेली असतात.

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी स्वयंचलित केंद्रे तयार केली. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला सुरू झाले. या केंद्रांत नियंत्रण करणारी कार्डे जोडीने असत. एक कामावर, दुसरे तयारीत.

तयारीत म्हणजे कसे? आपल्या दशावतारात छापील संहिता नसते, नट संवाद जागच्या जागी बोलतात. राजाचे काम करणाऱ्याचा आवाज ऐन आख्यानात बसला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला नुसती कथा ठाऊक असून भागत नाही. आतापर्यंत कोण काय बोलले, तेही ठाऊक हवे. म्हणजे तो पडद्यामागे झोपलेला नको, कान देऊन उभा हवा. दुसरे यंत्र तसेच असते. कोण कोणाशी बोलतो आहे, याची नोंद त्याच्याकडे सतत पोहोचत असते. म्हणून काम त्याच्याकडे गेले तरी चालू संभाषण सहसा तुटत नाही. नंबर फिरवण्याच्या मध्यावर असलेल्याला मात्र तो पुन्हा फिरवावा लागतो, आणि तो आपल्या बोटांना दोष देतो!

पण पहिले यंत्र बिघडले, हे ठरवायचे कोणी? त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. भरकटलेले यंत्र ‘माझे ठीक चालले आहे’ असेच म्हणत राहील. यासाठी एक साधे, वेगळे घड्याळ असते. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात ते पुन्हा शून्यावर आणायचे. पहाऱ्यावरच्या माणसाने तासातासाला टोल द्यावा, तसे. टोल चुकला की पहारा दुसऱ्याकडे. आणि एका वेळी सुकाणू एकाच्याच हाती, ही अट कडक. दोन तांडेल एकदम सुकाणू धरू लागले तर होडीचे काय होईल, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

सगळेच दुहेरी करणे परवडत नाही. आठ घरांच्या तारा जिथे येतात ते कार्ड एकेरीच असे. ते गेले तर आठ फोन जातात, गाव जात नाही.

विजेची सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते. केंद्राची ४८ व्होल्टची बॅटरी वीज गेल्यावर जोडली जात नाही, ती कायमच जोडलेली असते. अदलाबदलच नाही, म्हणून ती फसण्याचा प्रश्नही नाही. जनरेटर सावकाश सुरू झाला तरी चालते.

तयारीतल्या यंत्राचा मोठा धोका असा, की ते कधीचे बिघडलेले असते आणि कामच नसल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रात्री, वर्दळ कमी असताना, आम्ही मुद्दाम अदलाबदल करून बघत असू. नव्या मुलांना ते पटत नसे. ‘‘साहेब, बरा चलला हा, मगे कित्याक हात लावतास?’’ असे ती विचारत. बरे चालले आहे, हे एकाच यंत्राबद्दल खरे होते.

दोन्ही यंत्रे धडधाकट असूनही घात होऊ शकतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे न्यूयॉर्कमधले एक केंद्र किरकोळ बिघाडानंतर स्वतःला सावरून पुन्हा कामावर आले. त्याच्या संदेशांमुळे शेजारच्या केंद्रांतली एक चूक उघडी पडली आणि ती केंद्रेही थांबून पुन्हा सुरू होऊ लागली, मग त्यांच्या शेजारची. जोडीतल्या दुसऱ्या यंत्रांतही तोच प्रोग्रॅम, तीच चूक! देशभरातली ११४ केंद्रे सुमारे नऊ तास हेलपाटत राहिली.

रस्त्यांचेही असेच. गावे प्रकाशतंतूंच्या केबलच्या कड्याने जोडली, तर एका बाजूने केबल तुटताच संदेश उलट्या बाजूने ५० मिलिसेकंदांच्या आत वळतो. पण आपल्याकडे पावलोपावली खाडी. दोन्ही बाजूंच्या केबल एकाच पुलावरून नेल्या, तर कडे फक्त कागदावर.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब पडले, अनेक गावे अंधारात गेली. अशा वेळी मोबाइल टॉवरवरची यंत्रे शाबूत असली तरी बॅटरी काही तासांचीच, आणि रस्त्यावर झाड आडवे असले की डिझेलही पोहोचत नाही. पुष्कळजण दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे बाळगतात, एक नाही तर दुसरे म्हणून. पण दोन्ही कंपन्यांची उपकरणे बऱ्याचदा एकाच टॉवरवर, एकाच विजेच्या तारेवर असतात. मासेमारीच्या होडीवरचा व्हीएचएफ संच मात्र यातल्या कशावरच अवलंबून नसतो. होडीतल्या बॅटरीवर तो थेट दुसऱ्या होडीशी बोलतो.