नापास करण्यासाठी काढलेला पेपर

नोव्हेंबर 1934. प्रागचा पत्रकार एगॉन किश ऑस्ट्रेलियात फॅसिझमविरोधी सभेत बोलायला निघाला होता. सरकारने त्याला बोटीवरून उतरू दिलं नाही. मेलबर्नच्या धक्क्यावर त्याने बोटीवरून सरळ उडी मारली आणि पाय मोडून घेतला. उचलून त्याला पुन्हा बोटीवर चढवण्यात आलं. सिडनीला मात्र अधिकाऱ्यांनी कायद्यातलं हुकमी पान काढलं: भाषेची परीक्षा. किशला युरोपातल्या अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याच्यापुढे श्रुतलेखनासाठी ठेवली गेली ती स्कॉटिश गेलिक. तो अर्थातच नापास झाला. पुढच्याच महिन्यात तिथल्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही 'युरोपीय भाषा' ठरत नाही.

हा कायदा 1901 चा. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा परदेशी माणसाने ऐकून लिहायचा. एका भाषेत पास झालाच, तर दुसरी काढायची. 1905 मध्ये 'युरोपीय भाषा' हे शब्द बदलून 'विहित केलेली कोणतीही भाषा' असे केले गेले, पण युरोपाबाहेरची एकही भाषा विहित झाली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जुनीच अट चालू राहिली. 1909 नंतर या परीक्षेत कुणीही उत्तीर्ण झालेलं नाही, आणि ती रद्द झाली थेट 1958 मध्ये. कल्पना मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळची. 1897 च्या जानेवारीत गांधीजी डर्बनला उतरले तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी नाताळने कायदा केला, की येणाऱ्याने युरोपीय लिपीत अर्ज लिहून दाखवावा. भारतीय माणसाला रंगावरून अडवणं लंडनला अडचणीचं होतं. भाषेवरून अडवलं की कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हाच नमुना इतर वसाहतींपुढे ठेवला.

आता गंमत अशी, की श्रुतलेखन ही परीक्षा म्हणून मुळीच वाईट नाही. ऐकणं, अर्थ लावणं, तो क्षणभर स्मरणात धरणं, व्याकरणाच्या अंदाजाने निसटलेला शब्द भरून काढणं, शुद्धलेखन, एवढं सगळं त्यात एकदम कामाला लागतं. भाषा शिकवणारे ते आजही वापरतात. ऑस्ट्रेलियात साधन ठीकच होतं. निकालाचं काय करायचं ते आधीच ठरलं होतं. भाषेच्या कोणत्याही परीक्षेबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो यामुळेच: या गुणांवर कोण काय ठरवणार आहे? प्रश्नपत्रिका अवघड की सोपी, हा प्रश्न त्यानंतरचा.

याउलट प्रामाणिक हेतूने काढलेला पेपरही फसू शकतो. केंब्रिजने 1913 मध्ये परभाषकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. सगळे पेपर मिळून साधारण बारा तास: फ्रेंच किंवा जर्मनमधून भाषांतर आणि उलट, व्याकरण, वाङ्मय, ध्वनिशास्त्र, निबंध, तोंडी. निबंधाच्या विषयांत मॅथ्यू आर्नल्ड होता आणि 1857 चं भारतीय 'बंड'ही होतं. परीक्षेला तिघं बसले, तिघंही नापास. इंग्रजी येणं म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला जे येतं ते, अशी परीक्षकांची समजूत असावी.

शिक्षणशास्त्रात परीक्षेच्या दोन कसोट्या सांगतात. विश्वसनीयता म्हणजे तोच विद्यार्थी, वेगळा परीक्षक, तरी गुण जवळपास तेवढेच. सप्रमाणता म्हणजे जे मोजतो असं म्हणता तेच खरोखर मोजलं जाणं. कागदावर दोन्ही एकत्र नांदतात; व्यवहारात एकीला सांभाळताना दुसरी हातची निसटते. आपली दहावी पाहा. भाषा विषयांना 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांचं शाळेतलं मूल्यमापन, त्यात तोंडी परीक्षा. शाळा हे वीस गुण सढळ हाताने देतात हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. 2019 ला ते काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, पण ओरड झाली ती गुणांचीच, आणि वीस गुण परत आले. 2020 चा निकाल 95.30 टक्के. करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता हे धरूनही, एका वर्षात मुलांची भाषा एवढी सुधारली असं कुणी म्हणणार नाही.

या वादात सगळे बोलले ते टक्क्यांवर आणि अकरावीच्या प्रवेशावर. मराठी माध्यमातल्या मुलाचं इंग्रजी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलीचं मराठी बोलायला लावून पाहण्याची दहावीत तोंडी परीक्षा हीच एक जागा होती, हे कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. तोंडी ठेवली तर गुणांवर भरवसा नाही. काढली तर भाषा मुकी. मधला मार्ग माहीत नाही असं नाही: दोन परीक्षक, काहींचं ध्वनिमुद्रण, कोणत्या उत्तराला किती गुण हे नमुन्यांसह ठरवणं आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण. लाखो मुलांसाठी हे करायला पैसा आणि माणसं लागतात, आणि तिथेच विषय संपतो. जे विचारलं जात नाही ते वर्गात शिकवलंही जात नाही.

परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आयेल्ट्स, घ्या. त्यातल्या निबंधाचे ठरीव साचे क्लासवाले पाठ करून घेतात, कुठलाही विषय आला तरी पहिली दोन वाक्यं तीच. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणारी संस्था या परीक्षेत चारही अंगांत 7 गुण मागत असे. अनुभवी नर्स लेखनात अडकू लागल्या, तेव्हा 2018 मध्ये लेखनाची अट 6.5 वर आली. पण अर्धा गुण कमी करणं म्हणजे उपाय नव्हे. जागतिकीकरणाच्या फायद्यातोट्यांवर निबंध लिहिणारी नर्स घाबरलेल्या नातेवाइकाला समजावू शकेलच, हे कशावरून? त्याच संस्थेने 2017 च्या अखेरीस दुसऱ्या एका परीक्षेचा पर्याय मान्य केला तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात टिम मॅकनमारा यांच्या संशोधनातून आकाराला आलेल्या या परीक्षेत नर्स नर्सच असते आणि समोरचा माणूस रुग्ण होतो. लेखनात टिपणांवरून पत्र लिहायचं असतं, जसं वॉर्डात लिहावं लागतं. तरीही एक खोट राहिली होती. गुण देणारे भाषातज्ज्ञ उच्चार आणि व्याकरण पाहत. डॉक्टर-नर्स पाहतात, की रुग्णाचं ऐकून घेतलं का, त्याला कळलं का याची खात्री केली का. 2018 मध्ये हे निकषही गुणदानात आले.

ज्या ब्रिटनने नर्ससाठी एवढी बारकाईची परीक्षा मान्य केली, त्याच देशात त्याआधी, 2014 मध्ये, बीबीसीच्या एका कार्यक्रमाने टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतली लबाडी उघड केली. काही केंद्रांत उमेदवाराच्या जागी दुसरंच कुणी बोलत होतं. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने आवाज ओळखण्याच्या यंत्रणेने ध्वनिमुद्रणं तपासली आणि ब्रिटनमधल्या 97 टक्के परीक्षा बाद किंवा संशयास्पद ठरवल्या. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले. त्यांत भारतीय पुष्कळ होते. काहींनी खरंच लबाडी केली होती, काहींनी नव्हती, आणि चाळणी एकच. निर्दोष असल्याचं सांगणाऱ्यांपाशी एक पुरावा मात्र होता, तो म्हणजे न्यायाधीशांसमोर अस्खलित इंग्रजीत दिलेली साक्ष. 2016 च्या एका निकालात न्यायाधिकरणाने म्हटलं, की इंग्रजी उत्तम येणारा माणूसही भीतीपोटी, वेळ नाही म्हणून किंवा आत्मविश्वास नाही म्हणून लबाडी करू शकतो. तेव्हा तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.