पाय दिसत होते ते दशक

‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ या वेस्टर्न संगीतपटास २०२४ साली सत्तर वर्षे पुरी झाली, आणि त्या सुमारास त्यातील नृत्याचा एक तुकडा, मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसावा म्हणून दोन्ही बाजूंनी छाटलेला, माझ्या पाहण्यात आला. सात भावांपैकी जेमतेम तिघे त्यात शिल्लक होते, आणि त्या वेळी आलेला संताप अद्याप शमलेला नाही.

अशा संगीतपटांच्या वंशावळीत तिसाच्या दशकातील जीन ऑट्रीप्रभृती गाणाऱ्या गुराख्यांविषयी लिहिण्याजोगे मला काही आढळत नाही. परंतु १९५० च्या ‘ॲनी गेट युवर गन’पासून पुढची चार-पाच वर्षे, ज्यांत डोरिस डेची ‘कॅलॅमिटी जेन’ही आली आणि हॉवर्ड कीलचा भरदार आवाज सर्वत्र दुमदुमत राहिला, ती आम्ही मुंबईत धोबीतलावच्या मेट्रो चित्रपटगृहात अक्षरशः जगलो.

‘सेव्हन ब्राइड्स’ची १८५० च्या ऑरेगॉनमधील स्त्रीहरणाची कथा आज खटकते, आणि ती खटकावयासच हवी. मात्र साऱ्या चित्रपटावर ‘उथळ’ असा शेरा मारून त्यास दफ्तरी दाखल करणाऱ्या तत्कालीन विद्वानांनी मायकेल किडची नृत्यरचना डोळे उघडून पाहिलीच नव्हती, असे मी तेव्हाही म्हणत होतो. कोठार उभारणीच्या प्रसंगी सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर टाकलेल्या अरुंद फळीवर टॉमी रॉल आणि रस टॅम्ब्लिन ज्या निर्भयतेने झेपावतात, ती टिपताना दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन कॅमेरा मागे ठेवून त्यांची टाचेपासून मस्तकापर्यंतची आकृती आपल्यासमोर अखंड ठेवतो. बर्फात कुऱ्हाडी चालवीत विरहगीत गाणारे भाऊ तर एकाच सलग दृश्यात टिपलेले आहेत! निर्मितीसंस्था एमजीएमने ‘ब्रिगाडून’ या आपल्याच दुसऱ्या चित्रपटाकडे पैसा वळवून या चित्रपटाची रसद तोडली, म्हणून मागचे डोंगर पडद्यावर रंगवावे लागले; त्याने काडीचेही बिघडले नाही.

याउलट १९६९ चा ‘पेंट युवर वॅगन’ खुद्द ऑरेगॉनच्या डोंगरांत अमाप खर्चून चित्रित झाला, आणि ली मार्विन व क्लिंट ईस्टवुड गात असताना मी कंटाळून गेलो. पुढे तर एक पाऊल टेकण्यापूर्वीच दृश्य तोडण्याची रीत रूढ झाली. नर्तकास नाचता येते की नाही, हे ताडण्यास प्रेक्षकाला अवसरच उरला नाही. ज्यांच्याकडे ‘सेव्हन ब्राइड्स’चे हक्क आहेत त्यांनी तो पूर्ण रुंदीच्या पडद्यावर, एकही कड न कापता, पुन्हा चित्रपटगृहांत लावावा, एवढीच माझी मागणी आहे.