चार तारा, चार आवाज : अकूस्टिक बेस गिटारचा तोल साधताना

अकूस्टिक बेस गिटार नुसती वाजवली, तर चारही तारा एकमेकींना सांभाळून बोलतात. तीच ॲम्प्लिफायरला जोडली की कधी एक तार गरजते आणि शेजारची जणू मुकी होते. गाण्याचा पाया ज्या स्वरांवर उभा असतो, तेच असे मधूनमधून गळू लागले, तर सारी साथसंगत डळमळते. दोष बहुधा वादकाच्या बोटांत नसतो आणि नवा, महागडा ॲम्प्लिफायर घेऊनही तो जात नाही.

बहुतेक अकूस्टिक बेसमध्ये तारा ज्या अरुंद पट्टीवर टेकतात त्या सॅडलखाली पिएझो पिकअप बसवलेला असतो. काही स्फटिकांवर दाब पडला की विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. पिकअपचे कार्य त्याच तत्त्वावर चालते. म्हणूनच तारेचे कंपन सॅडलमधून पिकअपपर्यंत किती सारखेपणाने पोहोचते, यावर आवाजाचा समतोल ठरतो. सॅडलचा तळ किंचित वाकडा असला, खाचेत भुसा साचला किंवा सॅडल खाचेत आवळून बसले, की त्या जागची तार क्षीण होते.

मात्र पटाशी-कानस हाती घेण्यापूर्वी निदान हवे. मोकळ्या ई तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, तर जी तारेची ९८ हर्ट्झ. लहान स्पीकरला ४१ हर्ट्झ पेलत नाहीत. तेव्हा केवळ ई तार दबलेली वाटत असेल, तर आधी चांगल्या हेडफोनवर ऐकून पाहावे. वाद्यात प्रीॲम्प नसेल, तर पिएझोला सुमारे १ मेगाओम किंवा त्याहून अधिक इनपुट इम्पिडन्स लागतो. तो न मिळाल्यास खालचे स्वर आधी हरवतात. तिथे योग्य डीआय बॉक्स पुरेसा ठरतो. तार बदलली तरी ठरावीक सुरावरच आवाज फुगत असेल, तर ते वाद्याच्या पेटीचे अनुनादन समजावे. परंतु मधली ए किंवा डी तारच सर्व पडद्यांवर मंद असेल, तर संशयाची सुई सॅडलखाली वळते.

दुरुस्ती संयमाची आहे. तारा सैल करून सॅडलची दिशा पेन्सिलीने खुणावी आणि ते अलगद बाहेर काढावे. पिकअपची तार न ओढता खाच स्वच्छ करावी. सपाट काचेवर २२० आणि मग ४०० क्रमांकाचा पॉलिशपेपर ठेवून सॅडलचा तळ उभा धरून घासावा. पोलादी पट्टी लावून उजेडात धरल्यावर फट दिसू नये. सॅडल बोटाच्या दाबाने खाचेत उतरावे, पण डुलू नये. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा वरचा पृष्ठभाग घासतो. इथे कसोटी लागते ती न दिसणाऱ्या तळाची.

एकाच तारेखाली कागदाची घडी सरकवणे हा तात्पुरता उपाय होय. एक तार सावरताना तिच्या शेजारणीचा दाब बिघडू शकतो. कॉम्प्रेसर फरक झाकतो, मिटवत नाही. खाचेचाच तळ उंचसखल असेल, तर ते काम वाद्यकारागिराकडे सोपवावे.

शेवटी चारही मोकळ्या तारा सारख्याच जोराने छेडून ध्वनिमुद्रण करावे. कान सवयीने फसतो. मीटरचा काटा सहसा फसत नाही.